काडी बुडाली

"बुडाली! काडी बुडाली!"

पत्र्याच्या शेडखाली एकच गलका उठला. पुढच्या रांगेतल्या जाडजूड दूधवाल्याने आनंदाच्या भरात शेजारच्या माणसाला कडकडून मिठी मारली. शेजारचा त्याचा कुणी लागत नव्हता; तो आपला झिजका टायर खांद्यावर घेऊन नंबराची वाट बघत उभा होता. पण त्यानेही मिठी परत केली. चमत्काराच्या वेळी माणूस ओळख विचारत बसत नाही.

चमत्कार असा होता. दूधवाल्याच्या मोटारसायकलचा मागचा टायर झिजून पार गोटा झाला होता. काल संध्याकाळी महाराजांनी तो सगळ्यांदेखत टेबलावर ठेवला, नक्षीच्या उरल्यासुरल्या खाचेत काडेपेटीतली एक काडी उलटी उभी धरली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. काडीचा गुल सगळाच्या सगळा खाचेबाहेर. मग टायरवर काळं कापड पडलं, महाराज टायरसकट आतल्या खोलीत गेले आणि दाराला आतून कडी लागली. आज सकाळी कापड उचललं तर टायर काळा कुळकुळीत, खाचा ठसठशीत, आणि काडीचा गुल आत गडप.

"रबर वाढलं!" कुणीतरी ओरडलं.

"वाढणारच," महाराज शांतपणे म्हणाले. "तुमची नखं वाढतात, केस वाढतात. रबर तर झाडाचा चीक. त्याला वाढणं ठाऊक नाही होय? तुम्ही त्याला रस्त्यावर घासून घासून विसरायला लावलंत. मी फक्त आठवण करून देतो."

प्रत्येक टायरला ते 'माझा चिरंजीव' म्हणत, म्हणून लोक त्यांना चिरंजीव महाराज म्हणू लागले होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, आवाज मधाळ, आणि नखांत कायमची काळी कड. टायरची सेवा करून करून आलेली, असं भक्त सांगत. शेडमध्ये उदबत्त्यांचा इतका धूर असे की डोळ्यांना पाणी यावं. आणि त्या धुराच्या आडून, कुणी मुद्दाम हुंगलंच तर, जळक्या रबराचा वास येत असे.

"टायर हा शब्द उलटा वाचा," महाराजांनी बोट वर केलं. "र, य, टा. पहिल्या दोन अक्षरांना जरा माया लावा. काय झालं? रया! टायरची रया गेली, रया गेली म्हणून रडता. अरे, ती जाणार कुठं? शब्दातच दडून बसली आहे. मी तिला बाहेर बोलावतो."

"आणि 'टा'चं काय करायचं, महाराज?" मागून एका टवाळाने विचारलं.

"टा टाकून द्यायचा!"

हशा पिकला. हसताना माणूस शंका घेत नाही, हे महाराजांना टायरपेक्षा जास्त चांगलं समजलं होतं.

त्या वस्तीत आता 'काडी बुडणे' हा वाक्प्रचारच झाला होता. परीक्षेत पास झालेला मुलगा घरी येऊन "काडी बुडाली!" म्हणे. एरवी जहाज बुडतं, धंदा बुडतो, शाळा बुडते, आणि कुणी पेढे वाटत नाही. इथं मात्र बुडण्याचाच जयजयकार होता.

गर्दीच्या शेवटी, खांबाला टेकून एक बाई उभी होती. घरात तिला थोरली म्हणत. दूरच्या गावातल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती वर्गावर होती. तेव्हापासून इथंच होती, आणि रजा वाढवून वाढवून आता मुख्याध्यापिकाबाईंचा फोन उचलायची तिला लाज वाटत होती. शेजारी तिचा भाऊ, धाकटा. तो मोटारसायकलवरून घरोघर पार्सलं पोचवायचा. त्यानेच तिला ओढून आणलं होतं. "ताई, एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल," म्हणाला होता.

थोरली दूधवाल्याचा टायर बघतच नव्हती. शेडच्या दर्शनी खांबावर एका मोठ्या खिळ्याला दुसरा एक टायर टांगला होता. फाटलेला, एका बाजूने लोंबणारा. खाली पाटी होती: 'शंकेचं फळ'.

तो तिच्या वडिलांचा होता.

"आता हा बघा," महाराजांचा आवाज खाली आला, तसे सगळे खांबाकडे वळले. "हाही माझा चिरंजीवच. मीटरवाले नाना सगळ्यांना ठाऊक होते. साधा, सज्जन माणूस. त्यांचा टायर मी असाच जिवंत करून दिला होता. नियम काय सांगितले होते? बोला!"

गर्दी पाठ केल्यासारखी म्हणाली, "हवा दर आठवड्याला भरा. ओझं बेताचं ठेवा. ब्रेक दाबून मारू नका. गाडी सावलीत लावा. तेल-साबण लावू नका. शंका घेऊ नका, हात लावून तपासू नका."

"आणि त्या घरच्या माउलीनं काय केलं? साबणानं धुतला! तेज उतरलं. पुढं काय झालं ते सांगत नाही. माझं काळीज फाटतं."

काळीज फाटलेलं असतानाही महाराजांनी पाटी किंचित सरळ केली. माना हळूहळू थोरलीकडे वळल्या.

"त्यांची मुलगी ती," एकजण कुजबुजला. "शिकलेली आहे म्हणे."

"मग बरोबर," दुसरा म्हणाला.

*

घरी आईने साबण वापरणंच सोडलं होतं.

मोरीतली वडी, सिंकवरची पावडर, धुण्याच्या बादलीशेजारची पिशवी, सगळं तिने बाहेर टाकून दिलं होतं. नुसत्या पाण्याने ती भांडी घासत बसायची, आणि तेलकट पातेल्यावरून बोटं घसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मधल्या खोलीला एकच खिडकी होती, तीही भंगारवाल्याच्या भिंतीकडे उघडणारी. आई तिथंच बसायची. दारातून बाहेर ती गेली नव्हती.

शेजारच्या काकू रोज येत. मनाने वाईट नव्हत्या. "जाऊ दे गं," त्या आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत. "तुला तरी काय ठाऊक होतं? बाईमाणसाचा हात, मळकं दिसलं की जातोच." आणि एवढं सांत्वन करून त्या गेल्या की आई आणखी जराशी भिंतीकडे सरकायची.

"चिखल लागला होता गं," ती थोरलीला म्हणाली. हे तिने आधीही सांगितलं होतं, दर वेळी याच शब्दांत. "रस्ता खणून ठेवलेला. म्हटलं, चारचौघांत असं मळकं घेऊन जातील. मीच म्हटलं, थांबा, पाणी मारते. ते नको म्हणत होते. ऑफिसला उशीर होतोय म्हणत होते."

"आई, साबणाने टायर फुटत नाही."

"मग कशाने फुटला?"

खरं उत्तर देण्याऐवजी थोरली तिच्या पुढ्यातलं तेलकट पातेलं घासू लागली.

कारण टायर महाराजांकडे नेला होता धाकट्याने. नाना म्हणत होते नवा टाकू. नाना आयुष्यभर दारोदार हिंडून मीटरचे आकडे वाचत आले. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा खाक्या. पण धाकट्याने हट्ट धरला, "नाना, कशाला उगीच? आमच्या ऑफिसातले सगळे तिथूनच करून घेतात." आणि पोरगा आपली काळजी घेतोय या सुखातच नाना हो म्हणाले असतील. तो टायर उतारावर फुटला.

म्हणजे गाठ अशी बसली होती. थोरली गप्प राहिली, तर आई त्या भिंतीशी हळूहळू संपणार. ती बोलली, तर साबणावरचा आळ उठून सरळ भावाच्या डोक्यावर बसणार. आणि ती बॅग भरून शाळेत निघून गेली, तर धाकटा तशाच टायरवर रोज तोच उतार उतरणार. तिन्ही दारं बंद, आणि ती मधल्या खोलीत उभी.

बाहेर पायरीजवळ धाकटा गाडीचं मागचं चाक काढून बसला होता. टायर रिममधून सोडवला होता. थोरली जवळ जाऊन उकिडवी बसली. टायर मधोमध इतका गुळगुळीत झाला होता की माशी बसली तर घसरावी.

"नवा घे ना रे," ती म्हणाली. "मी देते घेऊन."

"ऑफिसात चालणार नाही. साहेबांनी नवे टायर द्यायचे बंद केलेत. महाराजांचा टायर असेल तरच गाडी गेटातून बाहेर. एकाला नवा दिसला की उद्या सगळे मागतील, म्हणतात."

"साहेबांच्या गाडीला कुठला आहे?"

"साहेबांना चार चाकं आहेत," धाकटा म्हणाला, आणि आपलंच वाक्य ऐकून जरा कसनुसा हसला. मग घाईघाईने म्हणाला, "पण गुण येतो ताई. खोटं नाही. आमच्यातल्या एकाने कोरा टायर महाराजांकडून तेज लावून घेतला, दुप्पट चालला."

"चालेलच. त्यांचे नियम बघ. हवा वेळेवर, ओझं कमी, ब्रेक हळू, उन्हात उभी करायची नाही, तेल लागू द्यायचं नाही. हे तुझ्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेलं आहे. कुणीही पाळलं तरी टायर जास्त दिवस जातो."

"म्हणजे गुण येतो, हे कबूल?"

"नियमांना येतो. काळ्या कापडाला नाही. आणि शेवटचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. हात लावून तपासू नका, म्हणे! का बरं?"

"हे बघ, सगळ्यांना गुण येतो. मग नानांनाच कसा..." धाकटा एकदम थांबला. हातातला पाना त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला. "साबण लागला," तो म्हणाला. धडा म्हणून दाखवावा तसा, जमिनीकडे बघत.

थोरलीला तेव्हा कळलं. इतके दिवस ती त्याला भोळा समजत होती. तो भोळा नव्हता, तो लोंबकळत होता. महाराज खरे असतील तर नाना साबणाने गेले. महाराज खोटे असतील तर नानांना उतारावर कुणी पाठवलं? श्रद्धा सोडायची तर त्याच्या पायाखाली तेवढा एकच प्रश्न उरत होता. अशा माणसाला वाद घालून हात सोडायला लावता येत नाही.

म्हणून तिने वाद सोडला.

"बरं, तू दे टायर महाराजांना," ती म्हणाली. "फक्त त्याआधी भंगारवाल्या काकांच्या काट्यावर ठेवू. परत आला की पुन्हा ठेवू. रबर वाढतं ना? मग वजनात दिसेल."

धाकट्याचा चेहरा उजळला. बहीण वळतेय, असंच त्याला वाटलं असणार. "दिसेलच!" तो म्हणाला. "चल, आत्ता चल!"

भंगारवाले काका गल्लीच्या टोकालाच होते, आईच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीच्या पलीकडे. माणूस ऐसपैस, बनियनवर. टायर काट्यावर ठेवताना म्हणाले, "पोरी, माझ्या काट्यावर आजवर फक्त मेलेल्या वस्तू चढल्या. वाढणारी पहिलीच!" मग त्यांनी आकडा खडूने दुकानाच्या लोखंडी दारावर ठळक लिहिला. थोरलीने टायरच्या आतल्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या शाईने एक फुली केली.

*

पुढच्या वेळी शेडमध्ये धाकट्याचाच टायर टेबलावर होता. काळं कापड उचललं गेलं, काडी उभी राहिली, गुल आत गेला.

"बुडाली!"

गलका विरायच्या आतच धाकटा पुढे झाला. "महाराज, याचं वजन करायचं आहे. आम्ही देण्याआधी करून ठेवलंय. आता दुसऱ्यांदा केलं की कुणाच्या मनात किंतु राहणार नाही!"

महाराजांचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र दाराकडे जाऊन आले. "बाळ, तराजू ही बाजारातली वस्तू. श्रद्धा कुठं किलोत मोजतात का?"

"श्रद्धा नाही हो, रबर मोजायचंय," दूधवाला उत्साहाने म्हणाला. "आम्ही तर दूध रोज मापून घालतो. होऊन जाऊ दे महाराज! शंका घेणाऱ्यांची तोंडं कायमची बंद!"

"होऊ दे, होऊ दे!" चहूबाजूंनी आवाज आले. महाराज नको म्हणत होते, आणि त्यांचेच भक्त त्यांच्या विजयासाठी हटून बसले होते. दोघांनी टायर उचलला आणि वरातीसारखी गर्दी रस्त्याला लागलीसुद्धा. महाराजांना मागे राहण्याची सोय उरली नाही. एका पोऱ्याला आपली मोटारसायकल ढकलत आणायला सांगून तेही निघाले.

थोरली मागे थांबली. दर्शनी खांबाजवळ जाऊन तिने टाचा उंचावल्या आणि खिळ्यावरचा फाटका टायर खाली काढला.

"तो तिथंच राहू दे," महाराज मागे वळून म्हणाले.

"हा आमच्या घरचा आहे," ती म्हणाली. टायर खांद्यावर टाकून ती गर्दीमागे चालू लागली.

काकांच्या दुकानापुढे गल्ली तुंबली. थोरलीने आतली पांढरी फुली दाखवली, तोच टायर. तो काट्यावर ठेवला गेला. काकांनी आकडा वाचला, दारावरचा वाचला, पुन्हा काट्यावरचा वाचला.

"अरेच्चा," ते म्हणाले. "कमी भरला की हा."

"काटा बिघडला असेल," दूधवाला म्हणाला.

"माझा काटा?" काका दुखावले. त्यांनी आतून लोखंडी माप आणलं आणि काट्यावर आपटलं. आकडा बरोबर आला. टायर पुन्हा ठेवला, पुन्हा कमी. आता धाकटा स्वतः पुढे आला, टायरवरची धूळ हाताने झटकून त्याने तो अगदी मधोमध ठेवला. आकडा हलला नाही.

मग महाराजांचा मधाळ आवाज आला.

"यात नवल काय? अंगातलं पाप गेलं की माणूस हलका होतो, तसाच टायर. पापाला वजन असतं लेकरांनो. पुण्य हलकं!"

आणि खरोखर दोघातिघांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे," कुणीतरी पुटपुटलं. आकडा डोळ्यांपुढे होता, आणि एका वाक्यात तो नाहीसा होत होता.

"काका," ती म्हणाली. आवाज वर्गात असतो तसा ठेवायचा तिने प्रयत्न केला. "समजा, तुमच्या दुकानापुढे मी खड्डा खणला. रोज थोडा आणखी खणला. खड्डा खोल होत जाईल ना?"

"होईल की."

"म्हणून जमीन उंच झाली का?"

"जमीन कशी उंच होईल? माती बाहेर गेली."

"काडी बुडाली, कारण काठ वर आला असं आपण समजलो. काठ होता तिथंच आहे. तळ खाली गेलाय. आधीच झिजलेल्या रबरात गरम पात्याने खाच आणखी खोल कोरायची, वरून काळं पॉलिश फासायचं. टायर नवा दिसतो. आणि जितका नवा दिसतो, तितका पातळ झालेला असतो."

"कोरलं तर ते रबर कुठं गेलं मग?" त्या दिवशीचा टवाळ म्हणाला. "हवेत?"

यावर सगळ्यांत आधी काकांचा चेहरा पडला. त्यांनी डोक्याला हात लावला. "आयला," ते हळूच म्हणाले. "पोतं!"

"कसलं पोतं?"

"महाराजांकडून येतं. काळ्या रबराच्या पट्ट्या. मी म्हटलं चपलांचे तळवे कापत असतील. मी कशाला विचारू? भंगारवाला माल कुठून आला विचारायला लागला, तर उपाशी मरेल!"

ते आत गेले आणि पोतं ओढत बाहेर घेऊन आले. तोंड सोडताच जळक्या रबराचा भपकारा सुटला, उदबत्तीशिवायचा. आत काळ्या पट्ट्यांचा गुंता होता. काही सरळ, काही नागमोडी. टवाळाने एक नागमोडी पट्टी उचलली आणि टायरच्या खाचेत ठेवून दाबली. ती वळणावळणाला चपखल बसली.

"काडी बुडाली," तो म्हणाला. या वेळी कुणी ओरडलं नाही.

तेवढ्यात गर्दीला वाट फुटली. गोंगाट ऐकून आई दारातून बाहेर आली होती. डोक्यावरून पदर नीट घेण्याचंही तिला भान नव्हतं. ती थोरलीच्या हातातल्या टायरकडे बघत होती.

"आई, हा धर," थोरली म्हणाली.

"हात लावायचा नाही त्याला."

"लाव. अंगठा बाहेरून खाचेत, बोट आतून. चिमटीत धरल्यासारखा."

आईने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. चिमूट धरली. फाटलेल्या कडेपासून ती खाचेखाचेतून बोटं सरकवत गेली, भाजी निवडताना जातात तशी, सवयीने, सावकाश.

"इथं रबरच नाही गं," ती म्हणाली. "दोरे लागतायत हाताला. कापडाचे."

"टायरच्या पोटात असतात ते. ते कधीच उघडे पडायला नकोत."

"मी धुतला, तेव्हाही हे असंच होतं?"

"असंच होतं. वरून काळं फासलेलं होतं, म्हणून दिसलं नाही. साबणाने रबर जात नाही, आई. पातं फिरलं म्हणून गेलं."

मग तिचा श्वास असा सुटला की जवळच्या काकूंनी तिला धरलं.

पण थोरली आईकडे बघत नव्हती. ती धाकट्याकडे बघत होती. तो काकांच्या दाराला पाठ लावून खाली सरकत सरकत जमिनीवर बसला होता.

"मी नेला होता," तो म्हणाला. "आई, टायर मी नेला होता. नाना म्हणाले, चालेल ना रे नक्की? मी म्हटलं, नाना, तुम्ही फार शंका काढता."

थोरलीला जे इतके दिवस अडवत होतं ते हेच होतं, आणि आता ते गल्लीच्या मधोमध येऊन पडलं होतं. तिला पुढे होता येईना.

आई पुढे झाली. त्याच्याजवळ बसली. टायर तिने अजून हातातच धरला होता.

"मूर्खा," ती म्हणाली. "तुला ठाऊक असतं तर नेला असतास?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग? मला साबण चिकटवला यांनी, मी इतके दिवस धुऊन काढत बसले. आता तू बसणार? फसवलं त्याने सुखात झोपायचं आणि फसलेल्यांनी जागत बसायचं, हा कुठला न्याय? ऊठ. ऊठ म्हणते ना! नाना असते तर म्हणाले असते, आकडा चुकला, खोड आणि बरोबर लिही."

"महाराज कुठं चालले?" मागून कुणीतरी ओरडलं.

महाराज गर्दीच्या कडेने आपल्या मोटारसायकलपाशी पोचले होते. किल्ली लावत होते. दूधवाल्याने पुढे होऊन हँडल धरलं. रागाने नव्हे, त्याचं लक्ष भलतीकडेच होतं.

"महाराज," तो वाकून म्हणाला, "तुमच्या टायरला अजून मिशा आहेत की हो!"

सगळे वाकले. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, थोडं चाललं की झडतात. महाराजांच्या दोन्ही टायरवर ते ताठ उभे होते.

"स्वतःचा चिरंजीव दुकानातला, आणि आमचे खोलीतले?" टवाळ म्हणाला. कुणालाही हसू आलं नाही. महाराज काहीतरी उपदेश करू लागले, पण दूधवाल्याने हँडल सोडलं नाही, आणि काकांनी पोत्याचं तोंड बांधून ते पोलीस चौकीत न्यायला रिक्षा थांबवली. जाताना स्वतःहून म्हणाले, "मी पण सांगतो सगळं. घेतलंय तर घेतलंय."

गल्लीत एकेक जण आपापल्या गाडीचं मागचं चाक चाचपू लागला. पार्सलवाली पोरं घोळका करून उभी होती. त्यातला एकजण म्हणाला, "पण उद्या गेटवर साहेब सोडणार नाहीत."

"सगळेच उभे राहिलो तर?" धाकटा म्हणाला. तो उठला होता; आवाज अजून ओलाच होता. "हा फाटका टायर मी नेतो. त्यांनी चिमटीत धरावा, मग बोलावं. एकट्याला अडवतील. सगळ्यांना अडवलं तर पार्सलं काय पायी जातील?"

मग एका म्हाताऱ्याने थोरलीला विचारलं, "पण बाई, टायर टिकवायचा तरी कसा? आम्हाला रोज नवा परवडत नाही. म्हणून तर गेलो ना तिकडं."

प्रश्न खरा होता. अशा माणसाला नुसतं 'फसू नका' सांगून भागत नाही.

"हवा बघत राहा," ती म्हणाली. "कमी झाली की टायर कडेने झिजतो, जास्त झाली की मधोमध. गाडी थंड असताना भरा. ओझं बेताचं घ्या. ब्रेक हळू मारा. उन्हात दिवसभर ठेवू नका. मळला तर साबणाने खुशाल धुवा. एवढं केलं तर टायर त्याचं पुरतं आयुष्य जगतो. खाचेच्या तळाला ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात, ते कारखान्याने मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की त्याचं आयुष्य संपलं. ते संपलेलं वाढवून देणारा कुणी नसतो. फक्त न संपल्यासारखं दाखवून देणारे असतात."

म्हातारा आपल्या गाडीपाशी गेला आणि संकोचून उभा राहिला. इतक्या दिवसांची सवय. हात पुढे जाईना.

"बघा ना हात लावून," आई त्याला म्हणाली. "काही होत नाही. आणि कुणी म्हणालं की हात लावू नका, विचारू नका, मोजू नका, तर आधी तिथंच हात लावून बघायचा."